करंटनं लिगामेंट जुळत नसतंय

रविवारी ताईच्या घरी गेलो तर भाचा कॉटवर आडवा, मांडीला करंटच्या मशीनचे चार पॅड चिकटवलेले, हातात मोबाईल. एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या तुटलेल्या लिगामेंटचं, ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. व्यायाम केलास का विचारलं तर म्हणतोय, "मामा, हाच व्यायाम की." मग ताईनं मेसेज दाखवला, आमच्या पेठेतल्या निम्म्या ग्रुपवर फिरतोय तो: फिजिओची गरज नाही, 20 मिनिटं मशीन म्हणजे 500 बैठका, करंटनं लिगामेंट लवकर जुळतं, 6 आठवड्यांत मैदानात, साइड इफेक्ट शून्य, घरात सगळ्यांनी वापरा.

त्याला म्हटलं पाय सरळ ठेवून टाच उचल बघू. टाच उचलली, पण गुडघा वाकूनच, म्हणजे मांडीत जोर नाही. ताईच्या शिलाईच्या डब्यातला टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या, ऑपरेशनची मांडी साडेतीन सेंटीमीटरनं बारीक!

500 बैठकांचं तालमीतलं पोरगंसुद्धा सांगेल. बैठकीत मांडी, कंबर, पोटरी, तोल सगळं लागतं, मशीन पॅडखालचा स्नायू आवळतं आणि सोडतं, बास.

आता करंटचा उपयोगच नाही असं नाही, तेवढं मान्य करावं लागतंय. गुडघा सुजला की मांडीच्या पुढच्या स्नायूला आतूनच ब्रेक लागतो, मनात असूनही तो पुरता आवळत नाही, तिथं बाहेरून दिलेला करंट कामाला येतो. पण कुठला करंट? अमेरिकेत फिजिओथेरपीच्या संशोधक लिन स्नायडर-मॅकलर आणि सहकाऱ्यांनी एसीएलच्या 110 पेशंटवर हेच तपासलं, 1995 ला छापून आलंय. चार आठवड्यांनी, दवाखान्यातल्या मशीनवर जोराचा करंट घेतलेल्यांच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या 70 टक्के किंवा जास्त, करंटशिवाय जोर लावून व्यायाम केलेल्यांची 57, आणि बॅटरीवरच्या छोट्या मशीनचा हलका करंट घेतलेल्यांची 51. म्हणजे भाच्याच्या मांडीला जे लावलंय त्याच जातीचं मशीन सगळ्यात मागं! आणि जोराचा करंट म्हणजे पाय पट्ट्यानं बांधून, सहन होईल तेवढा वाढवत नेलेला, मोबाईल बघत घ्यायचा प्रकार नव्हे. शिवाय चालणं-व्यायाम त्यांनाही होताच.

खरा राग आला तो 6 आठवड्यांवर. अहो, आत बसवलेलं लिगामेंट म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच पायातून काढलेली शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी, टेंडन), ती हाडातल्या बोगद्यात धरायला लागते, तिच्यात नव्यानं रक्तवाहिन्या याव्या लागतात, आणि त्या काळात ती आधी कमकुवत होते मग हळूहळू भक्कम होते. नेमकं 6 आठवड्यांना दुखणं कमी झालेलं असतं, पोराला वाटतं झालं बरं, आणि शाहू स्टेडियमवर एक उलटं वळण घेतलं की परत ऑपरेशनच्या टेबलावर. करंटचं काम स्नायूपुरतं, ही शीर त्यानं लवकर पिकत नाही. मैदानाचं नाव 9 महिन्यांच्या आधी काढायचं नाही, तेही दोन्ही पायांची ताकद तपासूनच.

साइड इफेक्टचं एवढंच सांगतो, पोटरी सुजून गरम लागत असेल तर मशीन लावू नका, रक्ताची गाठ असू शकते, आधी डॉक्टर गाठा. पेसमेकरवाल्यानं तर हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ताईच्या सासऱ्यांना पेसमेकर आहे, आणि मेसेज वाचून संध्याकाळी कंबरेला लावायचं म्हणून त्यांनी ते मशीन मागून ठेवलं होतं.