या, बसा, घर बघा आणि जा

आधी अभिनंदन. घर विकायला काढलंत आणि माणसं बघायला येतायत. एकदोन नव्हे, रांगेने येतायत. ज्यांच्याकडे कुणी फिरकतच नाही त्यांचं दुखणं साधं असतं: जाहिरात तरी फसलेली, नाहीतर आकडा वाचूनच लोक फोन खाली ठेवतात. ज्यांचं घर पहिल्याच आठवड्यात जातं त्यांना तर 'स्वस्तात गेलं की काय' या विचाराने झोप लागत नाही. तुम्ही मधली अवघड जागा पटकावलीत. बघायला सगळे, घ्यायला कुणी नाही. ही अवस्था आपोआप येत नाही, आणि ती वर्षानुवर्षं टिकवायची तर घरातल्या प्रत्येकाने झटावं लागतं.

सुरुवात किमतीपासून. आसपासची अशीच घरं अलीकडे कितीला गेली, ही चौकशी टाळा. शेजाऱ्याने किती मागितले होते तेवढं विचारा. मागितले किती आणि हातात पडले किती, यातला फरक कोणी चारचौघांत सांगत नाही, त्यामुळे या आकड्याला कधी तडा जात नाही. मग घरच्यांची बैठक बोलवा. थोरल्याचं कर्ज फिटलं पाहिजे, धाकटीला तिचा वाटा पुरला पाहिजे, काकांनी गच्ची दुरुस्त केली होती तो खर्च निघाला पाहिजे. हे सगळं मिळवा, आणि समोरचा घासाघीस करणारच म्हणून वर आणखी थोडं चढवा. घेणाऱ्याचा तुमच्या कर्जाशी काय संबंध, असं जावई विचारील. जावयाला पुढच्या बैठकीला बोलावू नका.

या पद्धतीला शास्त्राचा पाठिंबा आहे, बरं का. 1990 साली डॅनियल काहनमन, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले, काहींना दिले नाहीत, आणि मग बाजार भरवला. ज्यांच्याकडे मग होता ते, नसलेले जेवढे द्यायला तयार होते, त्याच्या दुपटीच्या आसपास मागू लागले. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. त्या मगात कुणाचं बालपण गेलं नव्हतं, त्याच्या जिन्यावरून पडून कुणाचा दात तुटला नव्हता. तुम्ही फक्त दीडपट मागताय, म्हणजे संयमीच म्हणायचं.

घर तेजीत घेतलेलं असेल आणि आता भाव उतरले असतील, तरी घाबरू नका. 1990 च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीवर डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांचा 2001 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खरेदीपेक्षा कमी किमतीत विकायची वेळ आलेले मालक इतरांपेक्षा जास्त आकडा लावत आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत. त्यातल्या ज्यांची विकली गेली त्यांना किंमत थोडी जास्त मिळाली, असंही त्यात आहे. एवढंच पाठ करा. बाकीचं विसरून जा.

आता फोटो. घर बघायला गर्दी होण्याचं गुपित इथे आहे. मोबाइल कोपऱ्यात जमेल तेवढा मागे धरून वाइड अँगलने काढा, म्हणजे न्हाणीघरसुद्धा सभागृह दिसतं. बाजूची इमारत उभी राहण्याआधीचा एखादा जुना फोटो असेल तर सोन्याहून पिवळं. त्यात खिडकीतून ऊन येताना दिसतं. येणारा माणूस दारातून आत पाऊल टाकतो आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलतं. तो पत्ता चुकला नाही ना, हे तपासत असतो. तुम्ही मात्र त्याला भारावून गेलेला समजा.

भेटीच्या वेळी सगळे घरात हजर हवेत. पाहुण्यांना एकटं सोडायचं नाही, हा मुख्य नियम. नवराबायको बाजूला होऊन कुजबुजायला लागली की समजा, ती आपला पलंग कुठे ठेवायचा ते मनात बघतायत. तिथेच मध्ये घुसा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या खुणा केल्या आहेत त्या दाखवा, प्रत्येक रेघेची गोष्ट सांगा. आजी कुठल्या कोपऱ्यात गेली तेही सांगा, शक्यतो त्यांच्या मुलांसमोर. भिंती फोटोंनी गच्च भरलेल्या राहू द्या. येणाऱ्याला आपण दुसऱ्याच्या घरात उभे आहोत, हे एक क्षणही विसरता कामा नये.

ओल आलेल्या भिंतीसमोर कपाट सरकवा आणि कपाटाच्या वर जेवढा भाग दिसतो तेवढाच ताजा रंगवा. बाकीची भिंत जुन्या रंगाची राहिली तर उत्तम. इथे पाणी कुठेतरी मुरतंय, हे न विचारताच कळतं. आणि 'घर का विकताय?' या प्रश्नाची तयारी करू नका. बाबा म्हणतील जिने चढवत नाहीत, आई म्हणेल मुलाकडे राहायला जायचंय, आणि मुलगा आतून ओरडेल, 'शेजाऱ्यांचा त्रास!'

पण खरं कसब आहे ते गिऱ्हाईक ओळखण्यात, आणि इथे बहुतेक घरं जन्मजात हुशार असतात. येणाऱ्यांत दोन जाती. एक म्हणते, 'वा! काय हवा येते! आजकाल अशी घरं बांधतात कुठे?' गच्चीवर जाते, सूर्यास्त बघते, निघताना म्हणते, 'घरी बोलून कळवतो.' दुसरी जात तोंड वाकडं करून आत शिरते. नळ सोडून पाण्याचा जोर बघते, कपाटामागे डोकावते, भिंतीवर बोटाने टकटक करते. वायरिंग कितव्या वर्षीचं, गाडी कुठे लावायची, महिन्याचा देखभाल खर्च किती, स्वयंपाकघराची भिंत पाडता येईल का, असं विचारते. खिशातून टेप काढून खिडकी मोजते.

खिडकी मोजणारा पडद्यांचा हिशेब करत असतो. घर घ्यायचंच नसेल तर फुकट दोष कोण काढत बसेल? ज्याला घ्यायचं नाही त्याला कौतुक स्वस्त पडतं, तोंड गोड करून तो मोकळा होतो. म्हणूनच तुम्ही उलट वागा. कौतुक करणाऱ्याला तासभर बसवा, खाऊपिऊ घाला, त्याच्या जाण्यानंतर आठवडाभर फोनकडे बघा. टेप काढणाऱ्याचा मात्र अपमान वाटून घ्या. 'आमच्या वडिलांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय,' असं खडसावून भिंत पाडायचा विषयच तोडून टाका. तो पुन्हा येणार नाही. तुम्हाला तेच हवंय.

एजंट निवडताना, ज्याने सर्वांत मोठा आकडा सांगितला तो घ्या. महिनाभरात तोही 'जरा कमी करू या' म्हणू लागेल. तेव्हा दुसरा शोधा. त्याला झटपट व्यवहार उरकायचाय, हा तुमचा संशय अगदीच खोटा नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींची छाननी करून 2008 साली दाखवलं की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा जास्त थांबतात आणि जास्त मिळवतात. किती जास्त? किंमत सुमारे 3.7 टक्के, आणि थांबणं साडेनऊ दिवसांच्या आसपास. दिवस, वर्षं नव्हेत. हा तपशील घरच्यांच्या बैठकीत काढू नका, रंगाचा बेरंग होतो.

बघून गेलेल्यांना नक्की काय खटकलं, हे एजंटला कधी विचारू नका. दहाजण आले आणि दहाही किमतीचं ऐकून गप्प झाले, तर 'लोकांची ऐपतच नाही' असा निष्कर्ष काढा. ऐपत नसलेली दहा माणसं तो आकडा जाहिरातीत वाचून आली होती, ही गोष्ट सोडून द्या. कमी करायचेच झाले तर चिमूटचिमूट करा, महिन्यामहिन्याने, म्हणजे जाहिरात बघणाऱ्याला घराची सगळी उतरण टप्प्याटप्प्याने दिसत राहील. पुढे एक दिवस असा येतो की लोक खोल्या किती ते विचारतच नाहीत, 'इतके दिवस विकलं का नाही गेलं?' एवढंच विचारतात. एका नकारातून पुढचा नकार आपोआप तयार होऊ लागतो. मग तुम्हाला वेगळे कष्ट नाहीत.

कागदपत्रांवर फार वेळ घालवू नका. घर अजून वारलेल्या आजोबांच्याच नावावर आहे, परदेशातल्या आत्याची सही बाकी आहे, आणि ती सध्या कुणाशीच बोलत नाही, या गोष्टी गिऱ्हाइकाच्या वकिलाला सापडू द्या. बिचाऱ्याची फीसुद्धा वसूल व्हायला हवी.

एवढं सगळं पाळूनही कधीतरी घात होतोच. एखादा माणूस येतो, मुकाट्याने सगळं बघतो आणि म्हणतो, 'ठीक आहे, तुम्ही मागताय तेवढे देतो, टोकन कधी देऊ?' अशा वेळी डगमगू नका. एका झटक्यात हो म्हणाला, म्हणजे आपण कमी मागितले हे उघड आहे. त्याला सांगा, घरी विचारून कळवतो. बैठक बोलवा, आकडा वाढवा. आणि रविवारी जी दोन कुटुंबं बघायला येणार आहेत, त्यांना नाही म्हणू नका.