व्हर्च्युअल मशीन चालत नाही, म्हणून लॅपटॉप बदलू नका

इंजिनिअरिंग आणि बीसीएचं नवं सत्र सुरू झालं की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा, सॉफ्टवेअरचा संगणक म्हणजेच व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालत नसेल तर प्रोसेसर जुना आहे. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करून बघा, तरी जमलं नाही तर आय-सेव्हन आणि 16 जीबी रॅमवाला लॅपटॉप घ्या. आणि व्हर्च्युअल मशीनला होईल तेवढी रॅम अन् प्रोसेसरचे सगळे कोअर देऊन टाका. हे वाचून आईवडील हप्त्यांवर नवा लॅपटॉप घेऊन देतात, म्हणून याला मुद्देसूद उत्तर द्यायलाच हवं.

आधी प्रोसेसरचं. व्हर्च्युअल मशीनला लागणारी सोय इंटेलने 2005 साली व्हीटी-एक्स या नावाने आणली, एएमडीने 2006 मध्ये. आज मुलांच्या हातात असलेल्या साध्या आय-थ्री किंवा रायझन-थ्री लॅपटॉपमध्येही ती आहे. खात्री करायला कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि आलेखाखालची ‘व्हर्च्युअलायझेशन’ ही ओळ बघा. तिथे ‘डिसेबल्ड’ दिसलं तर सोय आहे, फक्त बंद आहे. बायोसमध्ये इंटेलवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ असं काहीतरी सापडेल. एसव्हीएम या नावात व्हर्च्युअलायझेशन हा शब्दच दिसत नाही, त्यामुळे एएमडीवाले पुष्कळदा त्याच्यासमोरून निघून जातात. बायोसला हात लावण्याआधी डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की मात्र जवळ ठेवा. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर स्वतःच्याच फायली कुलपात अडकतील.

आता खरा घोळ. बायोसमध्ये चालू केलं, टास्क मॅनेजर ‘एनेबल्ड’ म्हणतोय, तरी व्हर्च्युअलबॉक्स सांगतं की व्हीटी-एक्स उपलब्ध नाही. इथेच लोक हार मानतात आणि दुकान गाठतात. पण एरर नीट वाचा. ‘व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस’ आणि ‘व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल’ हे दोन वेगळे निरोप आहेत. पहिल्याचं उत्तर बायोसमध्ये आहे. दुसरा आला आणि टास्क मॅनेजर ‘एनेबल्ड’ म्हणत असेल, तर बहुतेक वेळा ती सोय आधीच कुणीतरी ताब्यात घेतलेली असते, आणि तो कुणीतरी म्हणजे विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन चालवणारं विंडोजमधलंच सॉफ्टवेअर.

तुम्ही हायपर-व्ही कधी मुद्दाम चालू केला नसेल, तरी तो आत शिरलेला असू शकतो. डब्ल्यूएसएल-टू (विंडोजमधलीच लिनक्स चालवायची सोय) टाकलं, डॉकर डेस्कटॉप (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, किंवा विंडोज 11 मध्ये कोअर आयसोलेशनखालचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ आधीपासून चालू असलं, की विंडोज स्वतःच हायपरव्हायजरवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थरावर, उभं राहतं. व्हर्च्युअलबॉक्स 6.0 पासून त्याच्या वरही चालू शकतं, पण रडतखडत. चालू मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसलं, की समजा तुमचं उबुंटू, म्हणजे तुमचं लिनक्स, हायपर-व्हीच्या मार्गाने धावतंय. त्या संथपणाचा दोष लॅपटॉपवर जातो, आणि तो अन्याय आहे.

कासव घालवायचं तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म या तिघांच्या खुणा काढा, मेमरी इंटिग्रिटी बंद करा आणि रीस्टार्ट करा. मग डब्ल्यूएसएल-टू आणि डॉकर बंद पडतील, हे आधीच धरून चला. आणि मेमरी इंटिग्रिटी ही घातक ड्रायव्हर रोखणारी खरी सुरक्षा आहे, ती सरसकट बंद करायला सांगणारे व्हिडिओ मला बेजबाबदार वाटतात. फक्त शेल स्क्रिप्ट आणि सी प्रोग्रॅम शिकायचे असतील तर डब्ल्यूएसएल-टू पुरतं. व्हर्च्युअलबॉक्सचा हट्टच सोडा.

नवं मशीन बनवताना व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत फक्त 32 बिटचे पर्याय दिसत असतील तर तेही बहुधा याच दुखण्याचं लक्षण असतं.

रॅमचा सल्ला तर उलटा बसतो. 8 जीबीच्या लॅपटॉपवर मशीनला 6 जीबी दिली, की उरलेल्या 2 जीबीत विंडोज गुदमरतं, डिस्कवर लिहू-वाचू लागतं आणि दोन्ही गोगलगाय होतात. सगळे कोअर दिले तरी तेच, कारण त्याच कोअरवर विंडोजलाही जगायचं असतं. अशा लॅपटॉपवर 2 कोअर आणि 3 ते 4 जीबी द्या आणि क्रोम बंद ठेवा. उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप जड वाटला तर एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं डेबियन (लिनक्सचाच दुसरा प्रकार) घ्या, ते 2 जीबीतही कामापुरतं चालतं. खर्च करायचाच असेल तर फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा. नव्या लॅपटॉपच्या मानाने तो किरकोळ खर्च आहे आणि फरक पहिल्याच बूटला दिसतो.

सल्ल्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. 4 जीबी रॅम मदरबोर्डवरच झाळलेली असेल आणि जादा स्लॉट नसेल, तर डेस्कटॉपवालं लिनक्स विंडोजच्या पोटात चालवणं खरंच त्रासाचं आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज 11 हवं असेल तर टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप किंवा तिची नक्कल) लागतं, आणि ते व्हर्च्युअलबॉक्समध्ये 2022 च्या 7.0 आवृत्तीपासून मिळतं. त्यासाठीसुद्धा आधी सॉफ्टवेअर अद्ययावत करायचं असतं, लॅपटॉप नव्हे.

आणि महागडं यंत्र घेतलं की प्रश्न सुटतो, हे तर मुळीच खरं नाही. 2020 पासून आलेल्या एम मालिकेच्या मॅकबुकचा प्रोसेसर एआरएम जातीचा, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा आहे. कॉलेजने दिलेली मशीनची तयार फाइल बहुतेकदा इंटेल-एएमडीसाठी बनवलेली असते, ती त्यावर धड चालत नाही. यूटीएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये इंटेल प्रोसेसरची नक्कल करून चालवली तरी ती इतकी मंद पडते की प्रॅक्टिकलच्या तासात काम उरकत नाही. शिकवणाऱ्यांनी त्या फाइलसोबत एआरएमची एक प्रतही द्यावी, आणि मॅक घेऊ पाहणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी कॉलेजला हे विचारून घ्यावं.