‘एवढा त्रास होता, तर सोडून का नाही गेली?’

गेल्या काही महिन्यांत एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपांवरून आला: शाळेच्या, सोसायटीच्या, भिशीच्या आणि वकिलांच्या. वकिलांच्या ग्रुपवर तो पाहून जास्त लागलं. मजकूर थोडक्यात असा: आजच्या बाईला नवरा खरोखर मारत असेल तर ती राहीलच कशाला? शिकलेली आहे, कमावते, कायदे सगळे तिच्या बाजूचे, एका फोनवर नवरा आत जातो, आणि माहेर आहेच. तरीही राहते, म्हणजे एक तर त्रास तेवढा नाही, नाही तर डोळा इस्टेटीवर आहे. मारझोड वगैरे दारुड्यांच्या घरात चालते. खाली हात जोडलेले.

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस चालवते, त्यामुळे एकेक मुद्दा घेते. क्रम माझ्या सोयीचा.

‘एका फोनवर नवरा आत.’ हे लिहिणाऱ्याने एकदा रात्री अकरा वाजता सुजलेला हात घेऊन आलेल्या बाईसोबत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं. बहुतेक वेळा पदरात पडते ती एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार. तिच्यावर कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपाससुद्धा करता येत नाही, अटक तर दूरच. ‘घरातलं भांडण आहे ताई, सकाळी या दोघं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ठाण्याच्या पाटीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

राहिलं ४९८अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम. ते १९८३ साली आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ झालं आहे. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आपोआप अटक करायची नाही, अटक का हवी याची कारणं पोलिसांनी लेखी द्यायची आणि नको असेल तिथे हजर राहण्याची नोटीस काढायची, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्येच बजावलं. ते प्रकरण ४९८अचंच होतं. म्हणजे फॉरवर्ड दहाहून जास्त वर्षं शिळं आहे. दुसरा, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. त्यात अर्ज केला म्हणून कोणी आत जात नाही. संरक्षण, राहायला जागा, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा असे आदेश मिळतात आणि संरक्षणाचा आदेश मोडला तर गुन्हा होतो. पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल शक्यतो साठ दिवसांत, असं त्यात छापलेलं आहे. साठ दिवस बरेचदा नोटीस बजावण्यातच जातात, कारण नवरा घरी ‘नसतो’. आणि ‘सगळे कायदे तिच्या बाजूचे’ म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण: बायको अठरा किंवा जास्त वर्षांची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या कायद्यात आजही बलात्कार ठरत नाही. नव्या संहितेतही कलम ६३ खाली तो अपवाद तसाच ठेवला आहे.

आता एक कबुली. एका तक्रारीत नणंद, नणंदेचा नवरा, परगावचा दीर अशी सगळी नावं घालण्याचा प्रकार होतो, आणि तो सल्ला पुष्कळदा आमच्याच व्यवसायातून जातो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत टीका केली. ती टीका फॉरवर्डमध्ये जोडलेली असते. छळ झालेल्या बाईने गप्प बसावं असं न्यायालयाचं म्हणणं नाही, हेही त्याच निकालात आहे. तो परिच्छेद मात्र जोडलेला नसतो.

‘राहते म्हणजे त्रास तेवढा नाही.’ इथे थोडं थांबते, कारण हाच सगळ्या फॉरवर्डचा पाया आहे.

अमेरिकेतल्या ११ शहरांत, नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांचा अभ्यास झाला होता. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. पुरुष सतत ताबा ठेवणारा असेल आणि बाई वेगळी झाली असेल, तर जिवाचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसला. आमच्या टेबलावर वेगळं काही दिसत नाही. भरलेली बॅग त्याला सापडते, त्या दिवशीचा मार आधीच्या सगळ्यांहून वेगळा असतो. म्हणून पहिल्या भेटीत मी विचारते, ‘कधी गळा दाबला होता का?’ बऱ्याच जणी म्हणतात, ‘हो, पण एकदाच,’ आणि लगेच पोटगीचं विचारतात. माझं पेन तिथेच अडतं. गळा दाबणं हे पुढे जीव जाण्याच्या मोठ्या इशाऱ्यांपैकी एक आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा ती राहते ते पुष्कळदा हिशेब करून. माझ्याकडे आलेल्या एका बाईला निघायला अकरा महिने लागले. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) ती रोज डब्याच्या पिशवीतून एक कागद ऑफिसात न्यायची. एकदा रेशनकार्डाची झेरॉक्स, एकदा मुलाचा जन्मदाखला, मग लसीकरणाचं कार्ड, मग आईने घातलेल्या दोन बांगड्या एका मोज्यात. शेजारच्या टेबलावरच्या बाईने तिला आपल्या ड्रॉवरचा खालचा खण मोकळा करून दिला होता. त्या अकरा महिन्यांत तिने तीनदा मार खाल्ला. बाहेरून बघणाऱ्याला ती ‘राहत’ होती. खरं तर पहिला कागद नेला त्या दिवशीच ती निघाली होती.

आणि ती कोणाला सांगते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९–२१ मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागितलेल्या १४ टक्के.

‘शिकलेली आहे, कमावते.’ शिक्षणाने फरक पडतो, नाकारत नाही. पण कमावणं आणि पैसा हातात असणं यांत अंतर आहे. पगार तिच्या खात्यात आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर, असा संसार मी चांगल्या टॉवरमध्ये पाहिलाय.

दुसरं टोक बघा. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते जोडीवर, आणि ती बहुधा पुरुषाच्या हातात पडते. फेडायची दोघांनी, हंगामभर. आता कारखान्याजवळच्या कोपीत, गावापासून दोन-तीनशे किलोमीटरवर, पोर कडेवर असलेल्या बाईने मध्येच जायचं म्हटलं तर कोयता मोडला. उचल फिटलेली नाही, मुकादम वसुलीला दारात येणार, कधी थेट तिच्या बापाच्या. तिची मजुरी वेगळी कुठे लिहिलेलीच नसते. ती कमावते, अगदी अंग मोडून कमावते, आणि तिच्याकडे एसटीचे पैसे नसतात.

परदेशी गेलेली, नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली बाई निघाली तर तिथे राहण्याचा हक्कच जाऊ शकतो. व्हीलचेअरवरच्या बाईला खुर्चीतून उचलून बाथरूमपर्यंत नेणारा हात आणि मारणारा हात एकच असतो. तिला ‘निघ’ म्हणायचं तर आधी दुसरा हात शोधायला हवा. ‘सोडून जा’ हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडेल, असं दार मला तरी अजून सापडलेलं नाही.

‘दारुड्यांच्या घरात चालतं.’ त्याच पाहणीत, नवरा वारंवार दारू पिऊन झिंगतो अशा बायकांपैकी ७० टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली होती. दारूचा वाटा मोठाच आहे. पण थेंबही न घेणाऱ्यांच्या घरात हा आकडा २३ टक्के होता, म्हणजे चारांतली जवळजवळ एक. शुद्धीत मारणारा जास्त नेमका असतो. तोंडावर मारत नाही, दंडावर आणि पाठीत मारतो, बाही आणि पदराखाली जाईल तिथे.

‘इस्टेट हवी.’ २००५ च्या कायद्याने मिळतो तो सामायिक घरात राहण्याचा हक्क. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो मिळू शकतो, हे ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. त्याने सातबाऱ्यावर नाव लागत नाही. एवढंच.

‘माहेर आहेच.’ भाऊ आहे, वहिनी आहे, दोन खोल्या आहेत, धाकटीचं लग्न व्हायचंय. चार दिवस ठेवून घेतात आणि पाचव्या दिवशी मामा मध्यस्थी करून नांदायला पोचवतात.

मग करायचं काय, असं भिशीच्या ग्रुपवर एकीने विचारलं. सोडून जा असा धोशा लावायच्या आधी तिला विचारा, आज रात्री घरी जायला भीती वाटते का. दवाखान्यात गेली तर ‘कशाने लागलं’ ते केसपेपरवर खरं लिहून घ्यायला सांगा. ‘जिन्यावरून पडले’ हे वाक्य पुढे कोर्टात तिच्याच अंगावर येतं. २००५ च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल फुकट नोंदवता येतो, त्यासाठी घर सोडलेलं असावं लागत नाही. हे फारच कमी जणींना ठाऊक असतं. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने सेव्ह करून द्या. आपल्याकडे या कामाची घडी जुनी आहे. मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष १९८४ साली सुरू झाला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने. समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसली, की तक्रार घेऊन आलेल्या बाईला आधी कोणीतरी नीट ऐकून घेतं. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात ‘दिलासा’ हे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं मदत केंद्र सुरू झालं ते याच विचाराने: मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईल न जाईल, टाके घालायला तर येतेच.

शेवटचं, माझ्या कामातलं. मराठीत बाई नांदते आणि नवरा नांदवतो. पोटगीच्या कायद्यात, पुरेसं कारण नसताना बायको नवऱ्याकडे राहायला नकार देत असेल तर तिचा हक्क जातो. म्हणून नवऱ्याच्या लेखी म्हणण्यात एक वाक्य ठरलेलं असतं. एकत्र नांदण्याचा हुकूमनामा मिळवून पोटगी अडवायचीही युक्ती असते. तसा हुकूमनामा पाळला नाही एवढ्यावरून पोटगी नाकारता येणार नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

असंच एक म्हणणं आत्ता समोर आहे, सात पानांचं. पहिल्या पानावर: ‘अर्जदार ही कोणतेही सबळ कारण नसताना स्वतःहून घर सोडून निघून गेली.’ शेवटच्या पानावर: ‘सामनेवाला आजही तिला नांदवण्यास तयार आहे.’ आणि मधल्या पाच पानांत, छळ झालाच नाही याचा पुरावा म्हणून, ती त्या घरात नऊ वर्षं राहिली हे तीनदा लिहिलं आहे.