संबळ कुणी वाजवलंय?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात भांडण पेटलं ते गोंधळावरून. कुणीतरी एका नव्या गाण्याची लिंक टाकली होती. देवीचा गोंधळ, पण जोडीला इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि मध्येच रॅपचं एक कडवं. इथे अमेरिकेत, नॅशव्हिलमध्ये, मी उठेपर्यंत ७३ मेसेज पडले होते. चिपळूणच्या दादाच्या मते ही आईची थट्टा होती. पुण्याच्या भाचीने त्याला विचारलं होतं, "मामा, तू गोंधळाला शेवटचा कधी बसलास?" आत्याने नेहमीप्रमाणे गुलाबाचं फूल पाठवलं होतं.

दात घासता घासता मी गाणं ऐकलं. गिटार बेताचीच, रॅप तर नसता तरी चाललं असतं. पण संबळ असलं खणखणीत की ब्रश तोंडातच राहिला. ग्रुपवर विचारलं, "संबळ कुणी वाजवलंय?" कुणालाच माहीत नव्हतं. व्हिडिओखालची नामावली उघडली. गायक, गीतकार, संगीतकार, दिग्दर्शक, रंगभूषा, ड्रोन. संबळवाला नाही. ड्रोन उडवणाऱ्याचं नाव आहे आणि ज्याच्या जिवावर गाणं उभं आहे त्याचं नाही! तिकडे अस्सल की भेसळ हा वाद पुढे चालूच होता.

मी काही गाण्याबजावण्यासाठी या गावात आलो नाही. हॉस्पिटलांच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळतो; नॅशव्हिलमध्ये कंट्री या इथल्या गावाकडच्या संगीताइतकाच हा धंदाही मोठा आहे. आलो तेव्हा 'बँजो' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आपला कोकण-मुंबईतला बँजो यायचा. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, कर्ण्यातून फुटणारा आवाज आणि पुढे नाचणारी विसर्जनाची मिरवणूक. ते खरं तर बुलबुलतरंग, मूळ जपानी वाद्याचा वंशज. इथला बँजो वेगळाच. गोल, कातड्याचा, आणि त्याची मुळं आफ्रिकेत. गुलाम करून आणलेल्या माणसांनी ते वाद्य अमेरिकेत घडवलं आणि पुढे ते डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांची ओळख होऊन बसलं. दोन्हीकडचे लोक आपापला बँजो छातीशी धरून 'हीच आमची परंपरा' म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. पण दोघांचंही खरं आहे.

माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, नदीपलीकडे पूर्व नॅशव्हिलमध्ये वुडलँड नावाचा स्टुडिओ आहे. पूर्वी ते सिनेमाचं थिएटर होतं. ऑगस्ट १९७१मध्ये निटी ग्रिटी डर्ट बँड नावाची, मूळ कॅलिफोर्नियाची, लांब केसांची पोरं तिथे आली आणि सहा दिवसांत त्यांनी तीन तबकड्यांचा 'विल द सर्कल बी अनब्रोकन' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यातले पाहुणे पाहिले की डोळे फिरतात. १९२७पासून रेकॉर्डवर असलेली मेबेल कार्टर, बँजोला नवी बोटं देणारा अर्ल स्क्रग्ज, अंध गिटारवादक डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन, फिडलवर व्हॅसर क्लेमेंट्स आणि रॉय एकफ, ज्याला इथले लोक कंट्रीचा राजाच म्हणायचे.

काळ व्हिएतनाम युद्धाचा. लांब केस ठेवणं म्हणजे राजकीय भूमिका घेणंच होतं. ब्लूग्रास या बँजो-फिडलच्या कंट्री प्रकाराचे जनक बिल मन्रो यांनी यायला नकार दिला. एकफही साशंक होते. आधी येऊन झालेलं काम ऐकलं, मगच माइकसमोर उभे राहिले. थोडक्यात, आमच्या ग्रुपवरचंच भांडण, फक्त ते स्टुडिओच्या दारात चाललेलं. कोण अस्सल, कोण उपरा, कोण कुणाचं नाव विकून मोठा होतोय.

वाद कसा मिटला? मुळात मिटला नाहीच, ते वाजवायला बसले. सगळं थेट दोन ट्रॅकवर, म्हणजे चुकलं तर एकाचंच वाद्य मागाहून दुरुस्त करायची सोय नाही. एकफ तर पहिल्याच फेरीचा आग्रह धरणारे, पुन्हा पुन्हा वाजवलं की दरवेळी थोडं काहीतरी गळून जातं असं मानणारे. आणि मधलं बोलणं टिपायला टेप चालूच ठेवलेली होती. डॉक वॉटसनने आपल्या मुलाचं नाव मर्ल ट्रॅव्हिसवरून ठेवलेलं, पण दोघांची प्रत्यक्ष भेट तोवर झाली नव्हती. ती याच स्टुडिओत झाली आणि जुन्या ओळखीच्या माणसांसारखं त्यांचं बोलणं अल्बमवर तसंच आहे. मला गाण्यांपेक्षा तो तुकडा जास्त आवडतो, हे कंट्रीवाल्या शेजाऱ्यांना सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

त्या अल्बमवर कोणत्या गाण्यात कोण काय वाजवतंय, हे सगळं छापलेलं आहे. ते वाचताना मुख्य बँड कोण आणि पाहुणे कोण, हे आपण विसरूनच जातो.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात, पेडल स्टील नावाची आडवी गिटार वाजवतात. गेल्या वर्षी त्यांनी मला ध्वनिमुद्रणाच्या एका सेशनला नेलं. इथे सेशन म्हणजे तीन तास. सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा अशा पाळ्या, अगदी गिरणीसारख्या. वादकांच्या संघटनेने दर ठरवून दिलेले, सेशनच्या लीडरला दुप्पट. सहा-सात वादक आले, एकमेकांचे गुडघे-पाठी यांची विचारपूस झाली, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कागद पडला. त्यावर स्वरलेखन नाही, नुसते आकडे; सप्तकातल्या कितव्या स्वरावरचा कॉर्ड, म्हणजे स्वरांचा जुडगा, वाजवायचा ते सांगणारे. १, ४, ५, १. सहाच्या आकड्यापुढे छोटी रेघ असली तर तो मायनर, आकड्याभोवती हिऱ्याच्या आकाराची चौकट असली तर कॉर्ड वाजवून तसाच धरून ठेवायचा. गायिकेचा घसा बसलेला होता. ती म्हणाली, अर्धा स्वर खाली घेऊ या. कागद कुणी बदलला नाही, बोटं तेवढी सरकली.

मला एकदम घरी आल्यासारखं झालं. आपला सा तरी दुसरं काय करतो? पेटीवाला विचारतो, "काळी एक की काळी दोन?" आणि राग तोच राहतो. हे मी चहाच्या सुट्टीत, म्हणजे त्यांच्या कॉफीच्या सुट्टीत, ड्रमरला समजावलं. त्याने माझ्याकडून सा रे ग म आकड्यांसकट लिहून घेतलं. सेशन संपल्यावर लीडर एक फॉर्म घेऊन सगळ्यांकडे फिरला. नाव, वाद्य, किती तास. माझ्या शेजाऱ्यांनी सही केली तशी मी शाळेच्या हजेरीपटावरही कधी केली नव्हती; इतकी सवयीची, इतकी निर्धास्त.

नॅशव्हिल म्हणजे न्यायाचं माहेरघर, असं मात्र कुणी समजू नये. ब्रॉडवेवरच्या बारमध्ये याच गावातले उत्तम वादक चार-चार तास वाजवतात आणि मग पाहुण्यांमधून टिपसाठी बादली फिरते. आणि मी ज्या अल्बमचं इतकं कौतुक केलं, त्याच्या मुळाशीही एक गाळलेलं नाव आहे. मेबेल ज्या कार्टर घराण्यात गायची, त्यातला ए. पी. कार्टर डोंगरांतून गाणी गोळा करत हिंडायचा. त्याच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडलच्या डोक्यात राहायची. घरी येऊन रिडल ती मेबेलला ऐकवायचा. मेबेलच्या गिटारवादनातही त्याचा हात आहे. रेकॉर्डच्या लेबलवर तो कुठेच नाही. वुडलँडमध्ये मेबेलला मानाने बोलावलं गेलं, ते योग्यच. पण त्या खोलीत एक खुर्ची रिकामी होती आणि ती रिकामी आहे हे कुणाला दिसलंही नसेल.

म्हणून मला बियॉन्से या काळ्या गायिकेचा २०२४चा 'काउबॉय कार्टर' हा अल्बम महत्त्वाचा वाटतो. त्यातली सगळी गाणी मला आवडतात असं नाही. काही ठिकाणी पाहुणेच इतके होतात की यजमान हरवतो. पण विली नेल्सन आणि डॉली पार्टनच्या बरोबरीने तिने लिंडा मार्टेलला बोलावलं. १९६९मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या मानाच्या कंट्री कार्यक्रमाच्या मंचावर एकटीने गाणारी ती पहिली काळी स्त्री, पुढे विस्मरणात ढकललेली. बँजो वाजवायला घेतलं रिआनन गिडन्सला, जी हे वाद्य कुणाचं होतं हे वर्षानुवर्षं सांगत आली आहे. 'हे कंट्रीच नाही' असं म्हणणारे इथेही पुष्कळ होते. कंट्री म्युझिक असोसिएशनने त्या वर्षी अल्बमला एकही नामांकन दिलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमीने मात्र सर्वोत्तम कंट्री अल्बमचा पुरस्कार दिला. ऑफिसात दोन्ही बाजूंची माणसं आहेत. मी दोघांनाही गिडन्सबद्दल विचारून पाहिलं. एकाला तरी नाव माहीत होतं.

आपल्याकडे हा वाद नवा थोडाच आहे? पेटी परदेशी, तिला श्रुती दाखवता येत नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं चालली. तोवर मराठी रंगभूमी ऑर्गनवर पोसून मोठी झाली होती. पण त्याच रंगभूमीच्या प्रेक्षकाला बालगंधर्वांच्या मागे तबल्यावर अहमदजान थिरकवा आहेत हे पाठ असायचं. म्हणजे साथीदाराचं नाव घेणं आपल्याला येत नव्हतं असं नाही. उलट हिंदी सिनेमाने गोव्याच्या कितीएक वादकांना पडद्यामागे ठेवलं. 'अमर अकबर अँथनी'मुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७पासून अख्खा देश जाणतो, पण माजोर्ड्याचे ते व्हायोलिनवादक संगीतकार प्यारेलालांचे गुरू होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

दादाला मी लिहिलं, गोंधळात गिटार आली म्हणून देवी रागावेल असं मला वाटत नाही. संबळवाल्याला कुणी विचारलं नाही, यावर मात्र रागवायला हरकत नाही. दादाने उत्तर दिलं, "तुम्हाला परदेशात बसून सगळं सोपं दिसतं." त्याचंही अगदीच चूक नाही. इथे संघटना आहे, फॉर्म आहे, लीडर आहे. तिथे संबळवाल्याला रात्रीच्या गाडीने परत जायचं असतं आणि हातात पडेल ती पाकिटातली रक्कम.

शिवाय आमच्या घरातच पुरावा आहे. माझे धाकटे काका नव्वदच्या दशकात शक्ती-तुऱ्याच्या कॅसेटवर ढोलकी वाजवायचे. लालबाग-परळचे चाकरमानी त्या कॅसेट घेऊन शिमग्याला गावी यायचे. कव्हरवर फेटेवाल्या शाहिरांचा फोटो, खाली कंपनीचा नंबर. शाहिरांचं नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यातही यायचं. काकांचं कुठेच नाही. त्या जुन्या कॅसेटमधली एक कुणीतरी इंटरनेटवर चढवली आहे. ती मी शेजाऱ्यांना ऐकवली, तेव्हा त्यांनी पहिल्याच मिनिटाला हात वर करून विचारलं, "हू'ज द ड्रमर?"

रविवारी काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. नाव नसल्याचं वाईट वाटतं का, असंही विचारलं. ते अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते.

"नाव कशाला पायजे रे?" काका म्हणाले. "पंचक्रोशीत थाप ऐकून सांगायचे, हा कोण वाजवतोय ते."

मी गप्प. माझा अख्खा मुद्दाच त्यांनी सुपारीच्या सालासारखा बाजूला टाकला होता.

थोड्या वेळाने अडकित्ता खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तिकडं जाण्यायेण्याचे पैसे निराळे देतात का?"

देतात बहुतेक, मी म्हटलं.

"आम्हाला दादरला बोलवलं होतं, दोन दिवस. एसटीचं भाडं देतो म्हणाले होते. नाही दिलं," काका म्हणाले, आणि किती होतं तो आकडाही त्यांनी पैशांसकट सांगितला.