एमिली ईडनने कोहिनूर नेलेला नाही

‘ईडन गार्डन्स जिच्या नावाचं, ती एमिली ईडन व्हाइसरॉयची बायको. तिने व्हिक्टोरिया राणीला समोर बसवून काढलेलं चित्र रणजितसिंहांना दिलं, त्यांनी खूश होऊन तिला कोहिनूर दिला. हे सगळं तिच्या कादंबऱ्यांत आहे.’ हा मजकूर फिरत फिरत माझ्या भाचीकडे आला आणि तिने तो शाळेच्या प्रकल्पात उतरवलासुद्धा!

आधी कोहिनूर. चित्र दिलं गेलं १८३८ च्या अखेरीस, फिरोजपूरला. २७ जून १८३९ ला रणजितसिंह वारले, तेव्हा हिरा लाहोर दरबारातच होता. १८४२ मध्ये एमिली इंग्लंडला परतली, तेव्हाही तो लाहोरलाच. इंग्रजांच्या हाती तो लागला २९ मार्च १८४९ च्या लाहोरच्या तहाने. त्याचं तिसरं कलम कुणीही वाचावं: रणजितसिंहांनी अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडून घेतलेला कोहिनूर लाहोरच्या महाराजाने इंग्लंडच्या राणीच्या हवाली करायचा. हा महाराजा म्हणजे दलीपसिंह, वय वर्षं दहा. आईपासून त्याला आधीच तोडलेलं. पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीने हिरा स्वतः मुंबईला आणला आणि एप्रिल १८५० मध्ये ‘मेडिया’ जहाजातून तो इथूनच गेला. ‘खूश होऊन दिला’ म्हटलं की हरलेलं राज्य आणि दहा वर्षांच्या मुलाकडून करून घेतलेला तह, दोन्ही पुसलं जातं. माझा खरा राग यावर आहे.

शिवाय मिळालेले नजराणे घरी नेता येत नसत. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या तोशाखान्यात, म्हणजे नजराण्यांच्या कोठारात, जमा करायचे. एखादी वस्तू हवीच असेल तर किंमत भरून विकत घ्यायची.

बायको नव्हे, बहीण. तिचे भाऊ लॉर्ड ऑकलंड, तेव्हाचे गव्हर्नर जनरल, अविवाहित होते; एमिली आणि फॅनी या बहिणी त्यांच्याबरोबर आल्या होत्या. व्हाइसरॉय हे पद आलं १८५८ मध्ये. आणि राणीला समोर बसवणार कशी? एमिलीने इंग्लंड सोडलं १८३५ मध्ये. राज्याभिषेक झाला जून १८३८ मध्ये, तेव्हा ती सिमल्यात होती. राजवस्त्रांतली राणी तिने ऐकीव वर्णनांवरून आणि मनाने रंगवली.

बागेला ईडन कुटुंबाचं नाव आहे, हे मान्य. कोहिनूरही तिने काढला, पण कागदावर. १८४४ मध्ये लंडनला तिच्या चित्रांचा संग्रह निघाला. लोज डिकिन्सनने ती शिळाछापासाठी दगडावर उतरवली. त्यातल्या एका चित्रात रणजितसिंहांचा घोडा आणि त्यांचे जडजवाहीर आहेत, त्यांत कोहिनूर. १८५२ मध्ये नव्याने पैलू पाडताना १८६ कॅरटचा हिरा १०५ च्या आसपास आला. चित्रातला हिरा त्याआधीचा, म्हणून ते मोलाचं.

कादंबऱ्या दोनच, १८५९ आणि १८६० च्या, दोन्ही इंग्लंडातल्या घरांविषयी. हिंदुस्थान आहे तो तिच्या पत्रांत; ‘अप द कंट्री’ नावाने ती १८६६ मध्ये छापली गेली. प्रकल्पात घालायचंच तर त्यातलं मे १८३९ चं सिमल्याचं पत्र घाल. राणीच्या वाढदिवसाचा जलसा, बँड वाजतोय, ताटात स्कॉटलंडचा सामन मासा. १०५ गोरे, आणि भोवती घोंगड्या पांघरून बघत उभे निदान ३,००० पहाडी लोक, गोरा जवळ आला की जमिनीपर्यंत वाकणारे. एमिली लिहिते, हे लोक आपल्या सगळ्यांची मुंडकी का उडवत नाहीत, याचं मला कधीकधी नवल वाटतं.