होळकर संघ आणि आजचा मध्य प्रदेश संघ : एका प्रचलित तुलनेचा प्रतिवाद

इंदूरच्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक संदेश वारंवार फिरतो आहे. त्याचा आशय असा : इंदूर संस्थानाच्या होळकर क्रिकेट संघाने ११ हंगामांत १० वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि ४ वेळा करंडक जिंकला, तो सगळा संघ इंदूरच्या मातीतला होता आणि निव्वळ खेळाच्या प्रेमापोटी खेळत होता, त्याने एका डावात ९१२ धावा केल्या, उलट मध्य प्रदेशाच्या वाट्याला एकच करंडक आला, तोही मुंबईहून आणलेल्या प्रशिक्षकामुळे, आणि आताच्या मुलांना आयपीएलच्या पैशामुळे मोठी खेळी करताच येत नाही. होळकर संघाचा अभिमान आमच्या घरातही आहे. तो अभिमान चुकीच्या माहितीवर उभा करून आजच्या खेळाडूंना हिणवण्यासाठी वापरला जावा, हे मात्र मला मान्य नाही.

आकड्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. १९४४-४५ ते १९५४-५५ या काळात केवळ १९४८-४९ चा हंगाम वगळता दर वर्षी होळकर संघ अंतिम सामन्यात होता, आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ मध्ये त्याने करंडक जिंकला. स्पर्धा तेव्हा बाद पद्धतीची होती, एक सामना हरला की हंगाम संपत असे. अशा पद्धतीत १० वेळा शेवटपर्यंत पोहोचणे असामान्यच आहे. पण त्याच पद्धतीमुळे मोजके सामने जिंकून करंडकही मिळत असे, आणि होळकरांच्या चार विजेतेपदांपैकी तीन अंतिम सामने इंदुरातच झाले होते. मध्य प्रदेशाने आपला करंडक जिंकला त्या २०२१-२२ च्या हंगामात ३८ संघ होते. मध्य प्रदेशाला आधी गटात गुजरात, मेघालय आणि केरळ यांच्याशी खेळून पहिला क्रमांक मिळवावा लागला, आणि नंतर पंजाब, बंगाल व मुंबई यांना घरापासून दूर, बंगळूरमध्ये हरवावे लागले. चार आणि एक हे आकडे नुसते शेजारी मांडून कोणताही निष्कर्ष निघत नाही.

‘सगळा संघ इंदूरच्या मातीतला’ हे विधान तर सरळसरळ चुकीचे आहे. मुश्ताक अली इंदूरचे, यात शंका नाही. पण संघाचे कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे, १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना निमंत्रण देऊन इंदूरला आणले आणि आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. हिरालाल गायकवाड नागपूरचेच, चंदू सरवटे यांचा जन्म सागरचा, सी. एस. नायडू बडोद्याकडून खेळून इकडे आलेले आणि भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. याच निंबाळकरांनी १९४८ मध्ये काठेवाडविरुद्ध जी नाबाद ४४३ धावांची खेळी केली, ती महाराष्ट्राकडून. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर होळकर संघाकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला आणि त्याने नाबाद २४९ धावा केल्या. महायुद्धाच्या काळात तो इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत नेमणुकीवर होता. होळकरांची खरी कर्तबगारी ही की गुणी माणूस कुठलाही असो, त्याला त्यांनी इंदुरात मान आणि उपजीविका दिली. म्हणूनच ‘ते प्रेमापोटी, हे पैशापोटी’ ही विभागणीही टिकत नाही. दरबाराची नोकरी आणि आजचा करार यांत काळाचा फरक आहे; खेळाडूचे पोट दोन्हीकडे खेळानेच भरले. उत्तर प्रदेशातून दिल्लीमार्गे शहडोलला येऊन मध्य प्रदेशासाठी गोलंदाजी करणारा कुमार कार्तिकेय त्याच परंपरेत बसतो, आणि इंदूरच्या मातीचाच हट्ट असेल तर रजत पाटीदार, आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर हे तिघेही इंदूरचे आहेत.

आता ९१२ धावा. म्हैसूरविरुद्ध १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात होळकर संघाने ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला आणि भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर व प्रतापसिंह या सहा जणांनी शतके काढली. कर्णधाराचे वय तेव्हा ५० होते. हा पराक्रम कोणीही कमी लेखू नये. मात्र त्या दशकातल्या खेळपट्ट्या आणि दिवसांची मर्यादा नसलेले सामने फलंदाजांना किती अनुकूल होते, हे त्याच संघाच्या पराभवांवरून कळते. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावा केल्या आणि चौथ्या डावात ४९२ धावा करूनही होळकर ३७४ धावांनी हरले. त्या सामन्यात सी. एस. नायडूंनी एकूण ९१७ चेंडू टाकले. दोन वर्षांनी बडोद्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली, बडोद्याने ७८४ धावांचा डोंगर उभारला आणि होळकर एक डाव ४०९ धावांनी पराभूत झाले. ९१२ चा आकडा अभिमानाने लिहिणाऱ्याने ७८४ चाही लिहावा, म्हणजे काळ कसा होता हे वाचणाऱ्याला समजेल.

आयपीएलमुळे मोठी खेळी करता येत नाही, हा आक्षेप ज्या संघावर घेतला जातो त्याच संघाने २०२२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या ३७४ धावांना ५३६ धावांनी उत्तर दिले. यश दुबेने १३३ धावांसाठी ३३६ चेंडू खेळून काढले आणि शुभम शर्माने ११६ धावा केल्या. रजत पाटीदारने मे महिन्यात आयपीएलच्या बाद फेरीत लखनौविरुद्ध नाबाद ११२ धावा केल्या होत्या, आणि जूनमध्ये पांढरे कपडे घालून त्याच फलंदाजाने या सामन्यात १२२ काढल्या. भारतीय संघात गेल्याने आवेश आणि व्यंकटेश तेव्हा उपलब्ध नव्हते. समोरच्या मुंबई संघात यशस्वी जैस्वाल होता आणि त्या हंगामात ९८२ धावा करणारा सर्फराज खानही होता. तरीही मध्य प्रदेश ६ गडी राखून जिंकला. तो विजय योगायोगाचा नव्हता, हे पुढच्या दोन्ही हंगामांत संघ पुन्हा उपांत्य फेरीत पोहोचला यावरून दिसते. त्यांतला एक सामना नागपुरात विदर्भाविरुद्ध अवघ्या ६२ धावांनी हातून गेला.

राहिला मुंबईहून आणलेल्या प्रशिक्षकाचा, म्हणजे चंद्रकांत पंडितांचा मुद्दा. ते मुंबईचे, हे खरे. पण १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेश अंतिम सामन्यात पोहोचला, तेव्हा या संघाचे कर्णधार तेच होते. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेऊनही संघ कर्नाटकाकडून ९६ धावांनी हरला होता. २३ वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच राज्याच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून त्यांनी करंडक मिळवून दिला. नागपूरहून आलेले नायडू आपले ठरत असतील, आणि ते आपले आहेतच, तर पंडितांना परके म्हणण्याचा अधिकार हा संदेश लिहिणाऱ्याला कोणत्या न्यायाने मिळतो, हे त्यानेच सांगावे.