डायनिंग टेबलावरचा अफगाणिस्तान

एप्रिलमध्ये अकरा दिवस आमच्या घरी सगळे जमिनीवर बसून जेवले. व्रत नव्हतं, पंगत नव्हती, आणि मांडी घालून बसावं असे गुडघे घरात एकट्या मुलीचे आहेत. डायनिंग टेबलावर अफगाणिस्तान मांडलेला होता. "कधी उचलणार हे?" बायकोनं दुसऱ्याच दिवशी विचारलं. मी म्हणालो, "अगं, अफगाणिस्तानातून बाहेर पडणं भल्याभल्यांना जमलं नाही." त्या रात्री मला दुसरी पोळी मागून घ्यावी लागली.

हा सगळा माझ्या भाच्याचा प्रताप. अमेरिकेहून येताना लोक मामाला चॉकलेट आणतात, परफ्यूम आणतात. यानं पाटा-वरवंट्याच्या वजनाचं एक खोकं आणलं. नाव 'अ डिस्टंट प्लेन'. २०१३ साली निघालेला युद्धाचा बोर्ड गेम. करणारे दोघं, ब्रायन ट्रेन आणि व्होल्को रुन्के. त्यातले रुन्के सीआयएत विश्लेषक होते, हे वाचल्यावर मी झाकण जरा हळूच लावलं.

खेळ मुळात चौघांचा. नाशकात रविवारी सकाळी मिसळीला चौदा जमतील, पण अफगाणिस्तानला चार मिळेनात. एक मित्र आला. त्यानं नियमांचं पुस्तक चाळलं, दाढ दुखतेय म्हणाला आणि गेला. दुसऱ्यानं विचारलं, "यात पैसे लावता येतात का?" नाही म्हटल्यावर त्याचीही दाढ दुखू लागली. शेवटी मी ठरवलं, एकट्यानंच खेळायचं.

एकट्यानं खेळायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आपण एक पक्ष घ्यायचा आणि बाकीचे तिघं छापील तक्त्यावर चालवायचे. तक्ता हो-नाहीचे प्रश्न विचारतो, आपण बाणाबाणानं पुढे सरकायचं. सातबाऱ्याचा उतारा काढायला गेलेल्या माणसाला याचा सराव असतो. इथं नाही, त्या चौकटीत जा. तिथं गेलात की, आधी हे आहे का? नसेल तर पुन्हा पहिल्या चौकटीत. तालिबानची एक चाल करायला मला पंचवीस मिनिटं लागली. आणि इतक्या निष्ठेनं पंचवीस मिनिटं राबून मी जे केलं, ते म्हणजे माझाच काबूलचा रस्ता उडवला.

म्हणून दुसरा मार्ग. चारही पक्ष आपणच व्हायचं.

हे चार पक्ष म्हणजे आधी अफगाण सरकार. त्याला जास्तीत जास्त लोकसंख्या ताब्यात हवी आणि जोडीला आपल्या मर्जीतल्या माणसांची सोय लावायची असते. त्या सोयीचेही गुण मिळतात. मग परदेशी फौजा. त्यांना जनतेचा सरकारला पाठिंबा हवा, आणि त्याच वेळी आपलं जास्तीत जास्त सैन्य घरी परत गेलेलं हवं. गंमत अशी की या फौजांना स्वतःचा पैसा नाही, त्या सरकारच्याच तिजोरीतून खर्च करतात. थोडक्यात, सासुरवाडीला आलेले जावई. खर्च यजमानांचा, मान यांचा, आणि डोळा परतीच्या गाडीवर. तिसरे तालिबान, काळ्या रंगाचे. आणि चौथे हिरवे, ते टोळीवाले सरदार. त्यांना काहीच जिंकायचं नसतं. प्रांत कुणाच्याच ताब्यात नसावा आणि आपल्या खिशात अफूचा पैसा असावा, एवढीच माफक अपेक्षा. हा पक्ष मुलीला दोन मिनिटांत समजला. तिच्या खोलीचा कारभार अनेक वर्षं याच धोरणावर चालू आहे.

या खेळात हातात लपवायचे पत्ते नसतात. चालू पत्ता आणि पुढचा पत्ता दोन्ही उघडे, म्हणून तो एकट्याला खेळता येतो असं म्हणतात. पत्त्यांचं लपवणं सुटलं, पण मनातल्या बेतांचं काय? काळ्यांच्या खुर्चीत बसून कंदाहारला घात लावायचा, मग उठून फौजांच्या खुर्चीत जायचं आणि कंदाहारला काय शिजतंय याचा आपल्याला गंधही नाही असा चेहरा करायचा. मी खरंच तसा चेहरा करत असे. बायकोनं एकदा स्वयंपाकघरातून पाहिलं आणि आईला हाक मारली. दोघी दारात उभ्या राहून बघत होत्या. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लोक ब्रह्मगिरीची फेरी करतात. मी एप्रिलमध्ये टेबलाची करत होतो.

"तुम्ही यात कोण?" बायकोनं विचारलं.

"चौघंही."

"मग भांडण कुणाशी?"

याला नियमांच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

मला स्वतःला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी एकोणतीस वर्षं हिशेबतपासनीस आहे. लोकांच्या व्हाउचरवरची खाडाखोड मी वासावरून ओळखतो. आणि सरकारच्या खुर्चीत बसल्यावर, परदेशी मदतीतला पैसा मर्जीतल्यांच्या खात्यात वळवायची जी चाल आहे, ती मी इतक्या सफाईनं करू लागलो की तिसऱ्या दिवशी मलाच माझी भीती वाटली. मदत खाली, सोय वर. मदत खाली, सोय वर. मग उठून परदेशी फौजांच्या खुर्चीत बसायचं आणि मघाच्या स्वतःवर संतापायचं, "अरे, पैसा गेला कुठे?" ऑडिटर मी, ऑडिट माझंच, आणि शेरा मारायला कोणी नाही. नोकरीत हे सुख कधी मिळालं नाही.

खालच्या मजल्यावरच्या नानांचं या भानगडीत लक्ष होतं. नाना तोफखान्यातले, देवळालीत बरीच वर्षं काढलेले, १९७१ला कोवळे पोर असताना सीमेवर गेलेले. त्यांच्या येण्याचा मला धाक होता, कारण गेल्या हिवाळ्यात भाच्याचाच आधीचा एक खेळ, 'ट्वायलाइट स्ट्रगल', मांडला असताना ते आले होते. तो शीतयुद्धाचा, दोघांचा. अमेरिका माझ्या डाव्या हातात, रशिया उजव्या, आणि या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही. नेमका भारत-पाक युद्धाचा पत्ता निघाला. त्यात कुणी कुणावर चढाई करायची ते ठरवून एक फासा टाकतात. चार किंवा जास्त पडले तर यश. मी रशियाच्या वतीनं भारताला पाकिस्तानात घुसवलं. पडले चार. पण ज्याच्यावर चढाई, त्याला लागून असलेला एकेक देश प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात असेल तर एकेक वजा. इराण अमेरिकेकडे होता. चाराचे झाले तीन.

"म्हणजे?" नाना म्हणाले.

"म्हणजे हरलो, नाना."

नाना उभे राहिले. "अरे, १९७१ला तेरा दिवसांत ९३,००० शरण आले, तेव्हा कुणी फासा टाकला होता का? आणि यात इराणचा काय संबंध? टाक परत."

परत टाकणं नियमात बसत नाही, पण समोर तोफखाना होता. मी टाकला. सहा. नाना शांतपणे चहा प्यायले. अमेरिकेची हरकत नव्हती. अमेरिका माझ्या डाव्या हातात होती.

या वेळी नानांनी अफगाणिस्तानचा नकाशा चष्मा वर करून नीट पाहिला. "काळ्यांना जिंकायची घाई नाहीये रे," ते म्हणाले. "नुसतं टिकायचंय. मोठी फौज कंटाळते. आपल्या रामशेज किल्ल्यावर नाही का, १६८२ला मोगल येऊन बसले ते वर्षानुवर्षं बसलेच. एवढासा डोंगर, वर लाकडी तोफा..." इथं नाना थांबले. आपण कुणाची कुणाशी तुलना करतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "चहा ठेव," ते म्हणाले.

एप्रिलचा एक वेगळाच जाच होता. पंखा लावला की पत्ते उडतात, बंद केला की माणूस शिजतो. ओझरकडून एखादं सुखोई डोक्यावरून गेलं की खिडकीची तावदानं थरथरत आणि हेरातमधले दोन ठोकळे इराणकडे सरकत. शिवाय वाळवणाचे दिवस. आईला कुरडयांसाठी टेबल हवं होतं. "निकाल कधी लागतो याचा?" तिनं विचारलं. मी सांगितलं की प्रचाराचा पत्ता निघाल्याशिवाय निकाल बघत नाहीत. ती शेजारी जाऊन सांगून आली की आपल्याकडे पुन्हा निवडणूक लागली आहे.

आठव्या दिवशी मी कामावरून आलो तर टेबल लखलखीत. नकाशाची घडी घातलेली. पाच स्टीलच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या. एकीत काळे, एकीत हिरवे, एकीत खाकी, दोहोंत निळे. गडद निळे वेगळे, फिके निळे वेगळे. फासे साखरेच्या डब्याच्या झाकणात.

"किती पसारा पडला होता, भाऊ," घरकामाच्या मावशी म्हणाल्या. "पंधरा मिनिटं लागली."

मी खुर्चीत बसलो. कुठल्या खुर्चीत, ते आता महत्त्वाचं नव्हतं. २००१ ते २०२१ जगातल्या बड्या फौजांना जे जमलं नाही, ते मावशींनी भांडी घासायच्या आधी उरकलं होतं. रागावणार कुणावर? मी मोबाइलमधल्या फोटोवरून सगळं पुन्हा मांडायला बसलो, आणि रात्री अकराला लक्षात आलं की काळी एक तुकडी कमी आहे.

कमी म्हणजे कमी. तालिबान तेव्हा इतके माजले होते की राखीव एकही उरली नव्हती, आणि हिशेबात एक आकडा चुकत असला की मला झोप लागत नाही. दिवाणाखाली बॅटरी मारली, सोफ्याच्या फटीत पट्टी घातली, मावशींच्या पाच वाट्या तीनदा मोजल्या. काही नाही. शेवटी पिंपळगावहून आलेल्या पिशवीतला एक काळा मनुका घेऊन कंदाहारला ठेवला. दिसायला हुबेहूब. जरा सुरकुतलेला, पण ते अनुभवाचं लक्षण समजायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फौजांनी मोठा वेढा घातला, मी सगळा हिशेब करून हल्ला जाहीर केला, आणि कंदाहारला तुकडीच नव्हती.

"बाबा, तो मनुका होता ना?" मुलगी म्हणाली. "मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी ठेवलाय."

या खेळात गनिमांच्या तुकड्या भूमिगत असतात. भूमिगत तुकडीवर थेट हल्ला करता येत नाही; आधी 'स्वीप' नावाची चाल करून तिला उघड्यावर आणावं लागतं. एका सरकारी ठोकळ्याला एक तुकडी उघडी पडते. डोंगराळ मुलखात दोन ठोकळ्यांना एक.

अकराव्या दिवशी सकाळी मावशींनी फ्रिज ओढला, केरसुणी आत घातली आणि एकदाच फिरवली. कांद्याची सालं आली, गॅस लायटरचं टोपण आलं, आणि त्यामागून गडगडत, अंगाला जळमट गुंडाळून, काळी तुकडी बाहेर आली.

"ही तुमची का, भाऊ?"

मावशी एकट्या होत्या, स्वयंपाकघर सपाट होतं. नियमाप्रमाणे बरोबर एकच.